आईचं वजन

लसीकरणाच्या खोलीतला बाळांचा वजनकाटा मोडला होता आणि नवा ‘येतोय, येतोय’ म्हणता म्हणता काही येत नव्हता. म्हणून नर्सबाईंनी जुनी युक्ती काढली. आईने बाळाला घेऊन मोठ्या काट्यावर उभं राहायचं, मग बाळ कोणाकडे तरी देऊन एकटीने. पहिल्या आकड्यातून आईचं वजन वजा केलं की उरलं ते बाळाचं. तेवढंच कार्डावर जाई.

नर्सबाईंना माघारी सगळे तोफखाना म्हणत. आवाजच तसा होता. त्या दिवशी एका गुटगुटीत बाळाला बघून तोफखाना खूश झाला.

“वा! बाळसं बघा कसं धरलंय!”

“सारखी भूक लागते लबाडाला,” बाळाची आजी कौतुकाने म्हणाली. बाळ सासूच्या हातात देऊन सून काट्यावर उभी राहिली, ती आकडा घेऊन झाला तरी उतरेना.

“उतर ग, झालं.”

“माझं वजा केलंत ना?” सून म्हणाली. “मी वजा झाले की सगळं बरोबर येईल.”

बोलण्यात थट्टा नव्हती. नर्सबाईंनी आता कुठे तिच्याकडे नीट पाहिलं. गाल बसलेले, कपडे दुसऱ्या कोणाचे असावेत इतके ढगळ.

बाळाला टोचून झालं. त्यानंतर अर्धा तास थांबावंच लागतं. “बाळाला घेऊन बाहेर बाकावर बसा,” असं सासूला सांगून त्यांनी दार लोटलं. बाहेरची रांग कुरकुरली. कुरकुरू दे मेली!

“जीव नकोसा होतो का ग?” त्यांनी हळूच विचारलं.

“बाळाचं सगळं करते मी. पण वाटतं, मी नसले तर त्याचं बरं होईल.”

“नुसतं वाटतं, की काही ठरवलंयस?”

“गच्चीवर कपडे वाळत घालायला जाते. कपडे संपतात, तरी कठड्याशी उभी राहते.”

“बोललीस ते फार बरं केलंस. बाळंतपणानंतरचा आजार आहे हा. औषध आहे त्याला. तुझा काही दोष नाही.”

चिठ्ठी देऊन पाठवलं असतं तर ती वाटेतूनच परतली असती. नर्सबाईंनी फोन करून डॉक्टरीणबाईंनाच खोलीत बोलावलं आणि त्या येईपर्यंत पोरीचा हात सोडला नाही. डॉक्टरीणबाईंनी तपासून औषध दिलं, उद्या पुन्हा बोलावलं. मग सुनेला विचारूनच सासूला आत घेतलं आणि सगळं सांगितलं.

“अहो, पण हिला कमी काय आहे?” सासू म्हणाली. “बाळ सोन्यासारखं...”

“ताप काय, घरात कमी काय आहे ते विचारून येतो?” तोफखाना धडाडला. “हे दुखणं अंगावर काढायचं नसतं. आणि हिला एकटीला सोडायचं नाही.”

बाळाला खांद्यावर घेऊन सासूने मोकळ्या हाताने सुनेचं मनगट धरलं.

“कपडे यापुढे मी वाळत घालीन,” ती म्हणाली. “गच्चीची किल्ली आजपासून माझ्या कमरेला.”

सून तेव्हा रडली, अगदी हमसून हमसून. बाहेर रांग थांबून राहिली.