दर शनिवारची सुई

लाकडी बादली ऐलीच्या कानाजवळून गेली आणि सौनाच्या दारावर आपटून फुटली.

चूल विझली होती, एवढंच. रेनो वाफेने अंग शेकायला त्या लाकडी न्हाणीघरात शिरला, तर चुलीवरचे दगड कोमट. "एक चूल सांभाळता येत नाही तुला!" असं म्हणत त्याने हाताला लागलं ते भिरकावलं.

ऐली ओरडली नाही. तिने खांदा दाराकडे वळवला, कोपर चेहऱ्याआड धरलं आणि तशीच थांबली. मग खाली बसून फळ्या गोळा करू लागली.

तिचं हे असं उभं राहणं रेनोने पूर्वी पुष्कळदा पाहिलं होतं. तो ओंडक्यांचा ट्रक चालवायचा त्या काळात. 'आमची ही मुळातच भित्री,' असं तो मित्रांना हसत सांगायचा.

सत्तरी गाठली आणि त्याच्या अंगातलं सगळं बळ कुणी उपसून न्यावं तसं झालं. जेवणावरची वासना उडाली, दाढी विरळ झाली. खिडकीजवळच्या खुर्चीत बसून तो सरोवरावरचा बर्फ बघत राहायचा. टीव्हीवर हरवलेलं कुत्रं सापडलं तरी त्याचे डोळे भरायचे. अशी दोन वर्षं गेली. शेवटी हॅनकॉक गावातल्या डॉक्टरने रक्त तपासलं. टेस्टोस्टेरॉन पार आटलं होतं. दर शनिवारी मांडीत इंजेक्शन सुरू झालं. रेनोला सुई बघवत नसे, म्हणून ऐलीच टोचायची. उन्हाळा आला तसा तो बर्चचे ओंडके फोडू लागला. होडीला नवा रंग दिला. एका रात्री म्हणाला, "म्हातारे, जरा इकडे सरक की." ती सरकली.

आता तोही तिच्यासमोर उकिडवा बसला.

"डॉक्टर म्हणालेच होते," तो पुटपुटला, "या औषधाने माणूस थोडा तापट होतो म्हणून."

"ट्रक चालवायचास तेव्हाही घेत होतास का औषध?"

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. तिने बादलीची कडी उचलून सरळ करून पाहिली.

"मी तुझ्यावर कधी हात उगारला?"

"नाही."

"मग?"

तिने उरलेल्या फळ्या एकावर एक रचल्या.

"तू खुर्चीत बसून असायचास ना रेनो, ती दोन वर्षं मला फार बरी गेली."

"ऐली, मी मेल्यात जमा होतो तेव्हा."

"ठाऊक आहे रे." तिने फळ्या छातीशी धरल्या. "रोज ठाऊक होतं."

त्या शनिवारी ती औषध घेऊन आली, तेव्हा तो म्हणाला, "राहू दे आज." ती क्षणभर घुटमळली आणि बाटली कपाटात ठेवून आली. पुढच्या शनिवारीही तेच झालं. तिसऱ्या शनिवारी तिने विचारलंच नाही.

पानं गळून गेली, तसा रेनोही उतरत गेला. आधी कुऱ्हाड जड झाली, मग जिना. शेजारचा वेनो मासे धरायला बोलवायला आला, त्याला त्याने दारातूनच परत पाठवलं. दुपारी जेवण पुढ्यात तसंच राहायचं आणि तो खुर्चीत डोळे मिटून पडायचा. ऐली त्याच्या पायांवर गोधडी टाकायची, केसांवरून हात फिरवायची. तिचा हात इतका हलका असतो, हे त्याला आजवर माहीत नव्हतं.

पहिला बर्फ पडला त्या दिवशी ती स्वयंपाकघरात कणीक मळत होती. रेनो अर्धवट झोपेत होता. त्याला गुणगुणणं ऐकू आलं. आधी वाटलं, रेडिओ असेल. मग कळलं, ऐली गातेय. तिच्या आईच्या फिनिश भाषेतलं काहीतरी. मधेच शब्द विसरून ती स्वतःशीच हसली आणि पुन्हा पहिल्यापासून गाऊ लागली.

बेचाळीस वर्षांच्या संसारात त्याने तिला गाताना ऐकलं नव्हतं.

तो ऐकत राहिला. खुर्चीच्या हातांवरचे स्वतःचे हात त्याने पाहिले. ते कुणा दुसऱ्याचे वाटत होते. त्याने मुठी आवळून पाहिल्या. नीट मिटेनात.

"ऐली."

"काय रे?" आवाजात अजून गाणं होतं.

"औषध आण."

गाणं थांबलं. नळाचं पाणी वाहिलं. हात पुसत ती आली, कपाट उघडलं, बाटली उजेडात धरून सुई भरली. त्याच्याजवळ गुडघे टेकले.

"डावी की उजवी?" तिने विचारलं.

रेनोने मान खिडकीकडे वळवली.

"कुठलीही," तो म्हणाला.