उचकीसकट

बँकेत कॅशियर असलेल्या वहिनींना रंगमंचावर भीती वाटली की उचकी लागायची. नाटक होतं गंभीर, आणि त्यात नेमकं त्यांनाच नवऱ्याच्या प्रेताशेजारी बसून रडायचं होतं. तालमीत त्यांनी श्वास रोखून पाहिला, साखर चघळून पाहिली. पण ‘अहो’ म्हणायला तोंड उघडलं की उचकी हजर. प्रेताचं काम त्यांच्या धाकट्या दिराकडे होतं. तो चादरीखाली गदागदा हलायचा.

“वहिनी, मला नीट मरू तरी द्या,” तो कुरकुरला.

“तुम्ही आधी पोट आवरा, भावोजी.”

दिग्दर्शक मात्र हसला नाही. “आज जमलं नाही, तर उद्याच्या प्रयोगात हे काम दुसऱ्या कुणाला तरी द्यावं लागेल,” एवढंच म्हणाला.

वहिनींचा चेहरा उतरला. या भूमिकेसाठी त्यांनी जिवाचं रान केलं होतं. प्रवेश पुन्हा सुरू झाला आणि उचकीही पुन्हा आली. या वेळी त्यांनी ती दाबली नाही. घरी करायच्या तसा, सवयीनं, त्यांनी प्रेतापुढे हात केला. “अहो, पाणी द्या ना.” हात तसाच राहिला. मग त्या हळूच म्हणाल्या, “आता माझं मलाच घ्यावं लागणार.”

चादर जराही हलली नाही.

“हेच ठेवायचं,” दिग्दर्शक म्हणाला. “उचकीसकट.”

“पण ती भीती वाटली तरच येते हो.”

“मग काळजी सोडा,” प्रेत उठून बसत म्हणालं. “उद्या सगळं सभागृह भरलेलं असणार आहे.”