कुंकवाखालचं नाव

शेफाली एसटीतून उतरली तेव्हाच चिमाजीला वाटलं, ही काहीतरी घेऊनच परत जाणार. भोर संस्थानाच्या वेळची वंशावळ पासली गावात फक्त त्याच्याच घरी उरली होती. दोन भावांच्या वंशातली थोरली पाती कोणाची, हे त्या एका कागदावर होतं. आणि जत्रेत पालखीचा पहिला मान थोरल्या पातीचा. तो मान चिमाजीकडं होता. शेफाली दुसऱ्या पातीतली. तिचा आजा मरेपर्यंत म्हणत राहिला, थोरले आम्हीच.

"भोरला मोडी शिकले, आबा. कसर लागायच्या आत फोटो काढून ठेवते."

"काढ की. पर हितंच, माझ्या म्होरं."

त्यानं तांबड्या फडक्याची गाठ सोडली. मोडी त्याला येत नव्हती. आपल्या मूळ पुरुषाचं नाव कुठं आहे ते बापानं बोट ठेवून दाखवलं होतं, तेवढंच. शेफाली कागदावर वाकली आणि ओळीमागून ओळ मनात वाचत गेली. मनात वाचणारा माणूस काहीतरी जुळवत असतो, असा चिमाजीचा अनुभव होता.

"हा बाजी, आमचा. त्याच्या भावाच्या, म्हणजे तुमच्या पूर्वजाच्या जागी नुसतं कुंकू आहे. थोरला कोण, ती ओळही त्यातच गेलीय."

"तू खरवडलंस."

"मी हात तरी लावला का, आबा?"

लावला नव्हता. तिच्या बोटांवरून त्याची नजर हललीच नव्हती. दर दसऱ्याला कागद पूजेला काढायचा आणि ओल्या कुंकवाचं बोट नेमकं त्या नावावर टेकवायचं. पन्नास वर्षं त्याचं हेच चाललं होतं. लाल पोपडा त्याच्या बोटाएवढाच होता. बाजीला कुणी पुजलं नाही, म्हणून तो तगला.

"पुण्यात वेगळ्या उजेडात फोटो काढतात. खालची शाई दिसते त्यात."

"थोरला कोन, त्ये बी?"

"तेही. काय निघेल ते मलाही माहीत नाही."

हे वाक्य चिमाजीनं मनात उलटंपालटं करून पाहिलं. लबाड पोरगी म्हणाली असती, तुमचंच निघेल. पण त्याहून लबाड असती, तर असंच म्हणाली असती. आणि कागद घरात ठेवावा, तर नाव त्याच्याच बोटाखाली संपणार.

त्यानं गाठ आवळली, टोपी घातली, गठुडं काखेत मारलं.

"चल. म्या बी येतो."

सडकेच्या चढावर त्याला धाप लागली. ओझं घ्यायला शेफालीनं हात पुढं केला. चिमाजीनं तिच्या हातात काठी दिली.