सोड!

मी एक जुनी दोरशिडी आहे, मित्रांनो, आणि मी रागावलेली आहे. हे सुरुवातीलाच सांगून टाकते, म्हणजे नंतर तुम्ही म्हणायला नको की शिडीने गोड बोलून फसवले. आता मी अर्धीच उरले आहे. सिंगापूरला, बिशानमधल्या एका फ्लॅटच्या भिंतीवर मला टांगले आहे. माझ्या पायऱ्यांवर मनीप्लांटच्या कुंड्या ठेवल्या आहेत. दिवाळीत माझ्यावर दिव्यांची माळ सोडतात आणि पाहुणे माझ्याजवळ उभे राहून फोटो काढतात.

पण मी शोभेची वस्तू नाही. भारताच्या किनाऱ्यावरच्या एका दोरखान्यात माझा जन्म झाला. दोन्ही बाजूंना जाड मनिला दोर आणि मधे लाकडी पायऱ्या. माझ्या लाकडात एकसुद्धा गाठ चालत नाही, कारण पायरी गाठीपाशी मोडते आणि माणूस समुद्रात पडतो. तळाच्या चार पायऱ्या रबराच्या, कारण त्यांना सारख्या लाटा लागतात. मला तपासणाऱ्या म्हाताऱ्या कारागिराने प्रत्येक पायरीवर उभे राहून पाहिले आणि मगच मला बाहेर पाठवले. मला त्याचा फार अभिमान वाटला होता.

माझी नेमणूक एका निळ्या मालवाहू जहाजावर झाली. जहाज बंदराजवळ आले की वाट दाखवायला एक जाणकार माणूस छोट्या होडीतून येतो. त्यालाही पायलट म्हणतात, पण हा पायलट जहाजाचा. तो आला की मला कठड्यावरून खाली सोडायचे आणि त्याने माझ्यावरून वर चढायचे. माझे काम एवढेच. उन्हात, पावसात, लाटांत मी खाली गेले आणि माणूस वर आणला. एकदाही कोणाला पाडले नाही. पायलट चढून आले की माझ्या दोरावर थाप मारून म्हणत, "गुड लॅडर." तेव्हा मी मनातल्या मनात फुगत असे. त्या वेळी मला वाटायचे की जगात शिडी सगळ्यांसाठीच सोडतात.

आमचे कॅप्टन होते श्रीनिवास. मूळचे पुण्याचे. जहाजाचा सगळा कारभार सिंगापूरहून, क्वीन्सटाउनजवळच्या एका कचेरीतून चाले आणि तिथे साहेब होते निशिकांत. दोघे एकाच तुकडीत जहाजाचे शिक्षण घेतलेले, अगदी अरेतुरेतले मित्र. निशिकांत पुढे समुद्र सोडून खुर्चीवर गेले. कॅप्टनना इंजिनाच्या आवाजाने कमी ऐकू येई, म्हणून ते फोन नेहमी स्पीकरवर ठेवत आणि बाहेरच्या सज्ज्यात येऊन बोलत. मी खालीच गुंडाळून ठेवलेली असे. त्यामुळे दोघांचे बोलणे मला लख्ख ऐकू यायचे. बायकोच्या तक्रारीपासून पगारवाढीपर्यंत सगळे मी ऐकले आहे.

दोन हजार पंधरा सालचा मे महिना होता. म्यानमारमधून जीव घेऊन पळालेल्या रोहिंग्या लोकांच्या नावा आमच्या वाटेवरच्या समुद्रात भरकटत होत्या. नेणारे दलाल त्यांना भर समुद्रात टाकून पळाले होते. किनाऱ्यावरचे एकेक सरकार त्यांना दुसऱ्याच्या दाराकडे ढकलत होते. चेंडू असता तर कोणी तरी झेललाही असता.

एका दुपारी आम्हाला अशी एक लाकडी नाव दिसली. माणसे इतकी दाटीने बसली होती की नावेचे लाकूड दिसत नव्हते. तिच्याजवळ एक गस्तीचे जहाज उभे होते. त्यावरच्या लोकांनी नावेत पाण्याच्या बाटल्या टाकल्या, नूडल्सची खोकी टाकली, डिझेल दिले, बंद पडलेले इंजिन चालू करून दिले आणि मग नावेचे तोंड किनाऱ्याकडून फिरवून खोल समुद्राकडे केले. रेडिओवर आम्हाला म्हणाले, "आम्ही यांना मदत केली आहे. तुम्ही पुढे जा." याला ते मदत म्हणतात, मित्रांनो! आपल्या घरी दारात कोणी आले तर आपण त्याला आत घेऊन पाणी देतो. इथे तो आत येऊ नये म्हणून पाणी देत होते. मला तेव्हा जो संताप आला तो अजून उतरलेला नाही.

गस्तीचे जहाज निघून गेले. नावेतला एक तरुण उभा राहिला, त्याने आपली हिरवी लुंगी सोडली आणि ती दोन्ही हातांनी डोक्यावर हलवू लागला. जमाल नावाचा आमचा खलाशी बांगलादेशातल्या चट्टग्रामचा होता. त्याला त्या लोकांची बोली कळत असे. त्याने कोणी सांगायच्या आतच माझी दोरी सोडली आणि मला कठड्याशी आणून ठेवले. कॅप्टननी फोन लावला.

"निशी, नाव आहे. बायका-मुलं आहेत. घेऊ का वर?"

"इंजिन चालू आहे ना त्यांचं?"

"आत्ता आहे. किती वेळ चालेल देव जाणे."

"चालू आहे ना, मग संकटात नाहीत. हे बघ श्री, घेतलेस तर उतरवशील कुठे? इथे तर नाहीच घेणार, तुला माहीत आहे. दुसरे पण घेणार नाहीत. जहाज अडकून बसेल. आणि माझा पीआरचा अर्ज आत गेलाय रे. शैला घरी देव पाण्यात घालून बसली आहे. माझं नाव नको त्या ठिकाणी यायला नको. सोड रे."

पीआर म्हणजे सिंगापुरात कायम राहायची परवानगी. स्वतःला या देशाने आत घ्यावे म्हणून जो माणूस रोज पत्रपेटी उघडून बघत होता, तोच म्हणाला, सोड. कॅप्टन बराच वेळ त्या लुंगीकडे बघत उभे राहिले. मग त्यांनी जमालला मला परत बांधायला सांगितले. कॅप्टन चांगला माणूस होता, पण त्या दिवशीचा माझा राग त्यांच्यावरही आहे. मी जागेवर होते, माझे दोर भक्कम होते, समुद्रसुद्धा शांत होता. फक्त मला खाली टाकायचे होते.

आम्ही पुढे गेलो, माल उतरवला आणि त्याच वाटेने परत फिरलो. आणि तीच नाव पुन्हा दिसली. आता इंजिन बंद होते. नाव लाटेसरशी आडवी होत होती. माणसे कमी झाल्यामुळे नावेचे लाकूड आता दिसत होते. कोणी काही हलवत नव्हते.

कॅप्टन सज्ज्यात आले. त्यांचा चेहरा वेगळाच दिसत होता. त्यांनी फोन लावला. पलीकडे निशिकांत घरी जायला एमआरटीत, म्हणजे तिथल्या मेट्रोत, बसलेले होते, गाडीचा आवाज येत होता आणि बोलणे तुटत होते.

"निशी, तीच नाव आहे. शिडी सोडू का?"

"काय? ... अरे सोड!"

"शिडी सोडू ना?"

"किती वेळा सांगू? सोड म्हटलं ना, सोड!"

मित्रांनो, तुमची-माझी मराठी भाषा मोठी गमतीची आहे. दोर सोडतात म्हणजे खाली टाकतात. नाद सोडतात म्हणजे टाकून देतात. एकाच शब्दाने माणूस वर येतो आणि त्याच शब्दाने बुडतो. निशिकांत काय म्हणत होते ते कॅप्टनना चांगले कळले होते. मलाही कळले होते. पण कॅप्टननी फोन खिशात टाकला आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "ऑफिसचा हुकूम आहे. शिडी सोडा!"

मी खाली गेले. आयुष्यात इतक्या वेगाने मी कधी खाली गेले नव्हते. पायलटांचे बूट जड असतात. या माणसांचे पाय अनवाणी होते आणि त्यांना वजनच नव्हते. काहींना जमालने पाठीवर घेऊन आणले. सगळ्यांत शेवटी सेतारा नावाची मुलगी चढली. वर आल्यावर तिने पाण्याचा पेला हातात धरला, पण प्यायली नाही. जहाजाच्या निळ्या रंगाकडे पाहून ती जमालला काही तरी बोलली. जमाल मान खाली घालून कॅप्टनना म्हणाला, "साब, वो पूछती है, उस दिन क्यों नहीं रुके? उस दिन इसका भाई जिंदा था. हारुन. वही, लुंगीवाला."

कॅप्टन टोपी काढून उभे राहिले.

त्यानंतर जे झाले ते सांगताना माझे दोर आजही ताठ होतात. कोणतेही बंदर त्या माणसांना उतरवून घ्यायला तयार होईना. सिंगापूरचे म्हणणे तर सर्वांना पाठच होते, की देश लहान आहे, जागा नाही. शेजारचे मोठे देश म्हणत, आम्ही आधीच पुष्कळ घेतले. दूरचे श्रीमंत देश काळजी व्यक्त करत. आमच्या जहाजावर वेगवेगळ्या देशांचे अधिकारी माझ्यावरूनच चढून आले. त्यांनी कॅप्टनच्या खोलीत कॉफी घेतली, हे लोक कोणाची जबाबदारी यावर चर्चा केली आणि माझ्यावरूनच उतरून गेले. माझ्यावरून उतरायची बंदी फक्त त्या लोकांना होती. देश लहान असतो हे मला समजते. मीही लहानच आहे. एका वेळी एकालाच घेते. पण एकालाही घेणार नाही असे मी कधी म्हटले नाही.

निशिकांत फोनवर किंचाळत होते. "मी सोड म्हणालो होतो!"

"सोडली की," कॅप्टन म्हणाले.

शेवटी वर्तमानपत्रांत फारच बोभाटा झाला तेव्हा शेजारच्या एका देशाने त्यांना तात्पुरते उतरवून घेतले. तिथे तारांच्या कुंपणात पत्र्याच्या शेड होत्या. सेतारा माझ्यावरून उतरली तेव्हा तिने माझा दोर घट्ट धरला होता. पुढे तिचे काय झाले ते मला कोणी सांगितले नाही.

आता कौतुकाचे ऐका. वारे फिरले आणि लोक जहाजाची वाहवा करू लागले. जहाजमालकांच्या कुठल्याशा समारंभात कंपनीला ढाल मिळाली. ती घ्यायला निशिकांत गेले. त्यांना पीआरही मिळाला. कॅप्टन श्रीनिवासना मात्र पुढच्या फेरीला कोणी बोलावले नाही. तपासनीसाने माझे दोर झिजले म्हणून मला बाद केले. बाद शिडी कोणी चुकून वापरू नये म्हणून कापतात, तसे मलाही मधोमध कापले. वरचा भाग कचऱ्यात गेला. पाण्याला लागणारा, त्या माणसांचे पाय आधी पडले तो खालचा भाग निशिकांतनी घरी आणला.

परवा दिवाळीचा फराळ होता. घर भरले होते. चकल्यांचे ताट फिरत होते. प्रणिता नावाच्या पाहुण्या माझ्याजवळ उभ्या राहून म्हणाल्या, "किती छान दिसतंय हे! कुठून आणलंत?" झाले, निशिकांतना तेवढेच हवे होते. ढाल कपाटातून बाहेर आली.

"मला श्रीचा फोन आला. एमआरटीत होतो. विचार करायला वेळच नव्हता. मी एकच शब्द बोललो. सोड!"

सगळे वा वा म्हणाले. एक गृहस्थ म्हणाले, "तरी पण आपण कसे रीतसर नोकरीचा पास काढून आलो. असं कोणीही उठून यायला लागलं तर कसं चालेल?" आणि त्यांनी आणखी एक करंजी घेतली.

दाराशी कॅप्टन श्रीनिवास उभे होते. नोकरी शोधायला ते सिंगापूरला आले होते आणि शैलावहिनींनी त्यांना आग्रहाने बोलावले होते. ते आत आले, माझ्या तळाच्या रबरी पायरीवर त्यांनी हात ठेवला.

"दोनदा बोललास, निशी," ते म्हणाले.

निशिकांतची मुलगी ऋता शाळकरी आहे, बहुतेक तिथल्या 'लाह' जोडलेल्या इंग्रजीत बोलते, पण मराठी शब्द न् शब्द समजते. "टू टाइम्स? देन फर्स्ट टाइम व्हॉट हॅपन्ड, श्रीकाका?"

"ऋता, काकांना चहा विचार आधी," निशिकांत म्हणाले.

"चहा नंतर लाह. टेल मी फर्स्ट."

कॅप्टननी सांगितले. उभ्याउभ्या, काही न झाकता. इंजिन चालू होते ते सांगितले, हिरवी लुंगी सांगितली, आपणच मला परत बांधायला लावले तेही सांगितले. हारुनचे नाव त्या घरात पहिल्यांदा कोणी तरी उच्चारले. गृहस्थांची करंजी हातातच राहिली.

ऋता वडिलांकडे वळली. "बाबा, सोड मीन्स लेट गो, ऑर लेट डाऊन? यू मेन्ट व्हिच वन?"

"दिवाळीच्या दिवशी हे काय..." निशिकांत म्हणाले. कोणीच त्यांच्या मदतीला आले नाही. शैलावहिनी नवऱ्याकडे टक लावून बघत होत्या. मग ते खुर्चीत बसले आणि बारीक आवाजात म्हणाले, "दोन्ही वेळेला एकच म्हणालो, बाळा. सोडून दे म्हणालो."

ऋताने माझ्यावरची दिव्यांची माळ काढली. एकेक कुंडी उचलून जमिनीवर ठेवली. मग स्टुलावर चढून तिने मला खिळ्यांवरून उतरवले आणि कॅप्टनना विचारले, "काका, हाऊ टू रोल?" कॅप्टननी तिला मला गुंडाळायला शिकवले, तळाच्या पायरीपासून, दोर पिळू न देता. किती दिवसांनी मला कोणी नीट धरले होते.

मित्रांनो, माझी काळजी घ्या असे मी तुम्हाला सांगणार नाही. माझे आयुष्य झाले. पण तुम्ही मोठे व्हाल. तुमच्यापैकी कोणी कॅप्टन होईल, कोणी साहेब, कोणी मंत्री. एखाद्या संध्याकाळी तुम्ही घाईत घरी निघालेले असाल, तुमचाही कुठला तरी अर्ज अडकलेला असेल, आणि फोनवर कोणी तरी विचारेल, शिडी सोडू का? तेव्हा नुसते 'सोड' म्हणून फोन ठेवू नका. काय सोडायचे, कुठे सोडायचे, ते पूर्ण सांगा. आणि पहिल्याच वेळेला सांगा. हारुन अजून उभा आहे, लुंगी हलवतो आहे.