पुतळ्याची नाडी

मित्रांनो, मी बीपी मोजणारा एक जुना पट्टा आहे. माझ्या डबीत आकडा उमटला की तो मोबाइलवरून थेट दवाखान्यातल्या नर्सबाईंकडे जातो. आयुष्यात मी एकदाच चुकलो. ती चूक तीन महिने चालली.

कारखान्यातून मी एका शिंपीकाकांच्या दुकानात आलो. त्यांचं बीपी कायम चढलेलं. आकडा गेला की नर्सबाईंचा फोन यायचा, "काका, मीठ सोडलं का? गोळी वाढवू?" दुकानामागच्या घरात काकू कान टवकारून बसलेल्या. काका पार वैतागले.

एका सकाळी त्यांनी मला टेबलाला टेकून उभ्या असलेल्या लाकडी पुतळ्याच्या दंडाला बांधलं. कोट अडकवायचा तो पुतळा. मग शिलाई मशीनचं पेडल दाबलं. टेबल थरथरलं, पुतळा थरथरला, आणि फुगलेल्या मला लाकडात ठोका लागला. मी मन लावून मोजला. एकशे अठरा, शहात्तर.

माणसाचा दंड कोमट असतो, घामेजतो. हा गार होता. तरी नाडी रोज जरा जास्तच स्पष्ट लागायची. एकदा तर मशीन थांबल्यावरही दोन ठोके लागले. पण पट्ट्याला विचारतो कोण?

"छान, काका. आता गोळी अर्धी करा," नर्सबाई म्हणाल्या.

"बघ, मन शांत ठेवलं की झालं," काका काकूंना म्हणाले.

"मग तोंड का एवढं लाल?"

"लाल कापड शिवतोय ना."

एका दुपारी मी मोजत असतानाच पुतळ्याची नाडी थांबली. मशीन बंद होतं. काकांचं कपाळ कापडावर टेकलं होतं. आकड्याऐवजी 'नाडी नाही' एवढंच गेलं, म्हणून नर्सबाईंनी घरच्या फोनवर फोन केला. तो काकूंनी उचलला.

"काकांना बघा जरा. नाडी लागत नाहीये."

काकू बाहेर धावल्या. काका वाचले, पण अगदी थोडक्यात.

मित्रांनो, आम्ही आकडा सांगतो, पण तो माणसाचा की लाकडाचा ते आम्हाला कळत नाही. म्हणून पट्ट्यात हात घालायचा तो आपलाच घाला.

काका दवाखान्यातून घरी आल्यावर काकूंनी स्वतः मला त्यांच्या दंडाला बांधलं. एकशे नव्वद, एकशे दहा. मोबाइलवर अक्षरं उमटली, "हा हात नेहमीच्या रुग्णाचा नाही. आकडा पाठवलेला नाही." काकूंनी तीनदा बांधून पाहिलं. तिन्ही वेळा तेच आलं.