सतरा घरांची गळती

एसीवाले काकांना त्यांचा मुलगा पाठीमागे 'मेन स्विच' म्हणायचा. समोर अर्थातच 'बाबा'. खोलीतून निघालेल्या माणसाचा दुसरा पाय उंबऱ्याबाहेर पडायच्या आत काका तिथला दिवा घालवत. त्यामुळे अंधारात चप्पल शोधायची कला त्या घरात सगळ्यांना अवगत होती. पृथ्वी तापत चालली आहे, असं काकांनी कुठेतरी वाचलं होतं आणि तिला गार ठेवायचं काम आपल्याकडेच आलेलं आहे, असं मनाशी धरलं होतं. कामावर जायचं तर सायकलने, मागे अवजारांची पेटी बांधून. भाजीला कापडी पिशवी. अंघोळीला एक बादली, तीही पाऊण.

सूनबाईंना अंघोळीला वेळ लागला, तर काका न्हाणीघराच्या दाराबाहेर उभे राहून खाकरत. एकदा खाकरलं म्हणजे पाच मिनिटं झाली, दोनदा म्हणजे दहा. तिसऱ्यांदा खाकरायची वेळ आली, की ते गिझरचं बटण बंद करत आणि शांत चित्ताने वर्तमानपत्र उघडत.

सूनबाई कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायच्या. डोक्याला साबण असताना पाणी गार पडलं तरी ओरडायच्या नाहीत. असं न ओरडणारं माणूस घरात असलं, की इतरांनी जरा जपून राहावं. पण काकांना हे कोणी सांगितलेलं नव्हतं.

एका रविवारी तिसरं खाकरणं झालं, गिझर बंद झाला आणि थोड्या वेळाने सूनबाई ओले केस पंच्यात गुंडाळून गॅलरीत आल्या. तिथे काकांचा गॅसचा सिलिंडर उभा होता. एसीत भरायचा गॅस. त्यावर सूनबाई रोज टॉवेल वाळत घालायच्या. आज त्यांनी टॉवेल घालायच्या आधी वाकून सिलिंडरवरची चिठ्ठी वाचली.

“बाबा, हा गॅस कुठे जातो हो?”

“एसीत.”

“आणि एसीतून?”

काका म्हणाले, एसीतून कुठे जाणार, तिथल्या तिथे फिरत राहतो बिचारा. मग दर उन्हाळ्यात नवा भरावा का लागतो, असं सूनबाईंनी विचारलं. काकांनी वर्तमानपत्राचं पान उलटलं. ते शेवटचं पान होतं.

सूनबाईंनी मग वर्गात सांगतात तसं सांगितलं, आवाज न चढवता. हा गॅस दिसत नाही, त्याला वास नाही, पण हवेत गेला की तापवण्यात धुरालाही हात टेकायला लावतो. एक किलो सुटला, तर मोटारीने दहाएक हजार किलोमीटर फिरल्याइतकी पृथ्वी तापते. चार किलोत पृथ्वीला एक प्रदक्षिणा.

“तुमचे एका उन्हाळ्यात किती किलो जातात, बाबा?”

काकांना उत्तर माहीत होतं, म्हणून त्यांनी दिलं नाही.

“आणि मी दहा मिनिटं अंघोळ करते,” असं म्हणून सूनबाईंनी सिलिंडरवर टॉवेल पसरला, त्याची टोकं नीट जुळवली आणि त्या आत गेल्या.

त्या दिवशी संध्याकाळपर्यंत घरातला एकही दिवा काकांनी घालवला नाही. काकूंना वाटलं, ह्यांना बरं नाही. त्यांनी कपाळाला हात लावून पाहिला.

खरी गोम काकांनी कुणालाच सांगितली नव्हती. चांगल्या एसीतला गॅस संपत नाही. तो कमी होतो याचा अर्थ कुठेतरी गळतो, आणि बहुतेक वेळा गळतो तो तांब्याच्या नळीच्या तोंडावरच्या नटापाशी. तिथे साबणाच्या पाण्याचा फेस लावायचा. बुडबुडा आला की चोर सापडला. अर्ध्या तासाचं काम. पण काकांना हा धंदा शिकवणारे उस्ताद पहिल्याच दिवशी म्हणाले होते, “जो गळती बुजवतो, तो आपलंच तोंड बुजवतो.” गळती म्हणजे दुभती गाय. उन्हाळा आला की गिऱ्हाईक आपण होऊन हाक मारतं, आपण जाऊन गॅस भरायचा, घाम पुसायचा आणि मान हलवून 'मशीन जुनं झालं हो' म्हणायचं. गावातले सगळे मेकॅनिक हेच करत. सगळेच करतात म्हटल्यावर ते पाप राहत नाही, त्याला पद्धत म्हणतात. काकांनी ती पद्धत पस्तीस वर्षं इमानेइतबारे पाळली होती.

दोन दिवस काका खाल मानेने जेवले. तिसऱ्या दिवशी मुख्याध्यापिका बाईंचा फोन आला. बाई आता निवृत्त होत्या, एकट्या राहत आणि त्यांच्या अभ्यासिकेतला एसी काका अकरा वर्षं सांभाळत होते. सांभाळत होते म्हणजे दर उन्हाळ्यात गॅस भरत होते. त्या नटावर गॅसबरोबर झिरपलेल्या तेलाचा डाग दुसऱ्याच वर्षी काकांना दिसला होता. डाग म्हणजे गळती, हे लहान मूलही ओळखेल. पण बाई गणिताच्या होत्या.

बाई काकांपेक्षा तेरा वर्षांनी मोठ्या, तरी त्यांना काकाच म्हणत. जाताना काकांनी एक वाटी आणि साबणाची वडी पेटीत टाकली. त्यांचा बेत साधा होता: गुपचूप गळती बुजवायची, नेहमीसारखा गॅस भरायचा आणि सायकलवर टांग टाकायची. पृथ्वीचंही काम होतं, अब्रूही राहते.

गॅलरीतल्या मशीनपाशी बसून त्यांनी फेस लावला. नटाखालून टपोरा बुडबुडा फुगला, काकांकडे बघत थोडा वेळ राहिला आणि फुटला. अकरा वर्षं. काकांनी उरलासुरला गॅस बाहेरच्या मशीनमध्ये कोंडून घेतला, नळीचं फाटलेलं तोंड कापून नव्याने फुलवलं, नट आवळला, पुन्हा फेस लावला. या वेळी फेस नुसता फेस राहिला. कमी होता तेवढा गॅस भरून काका हात पुसत आत आले, तर बाईंनी टेबलावर पाण्याचा ग्लास आणि एक कागद मांडून ठेवला होता.

ते बाईंचं मृत्युपत्र होतं. पुस्तकं शाळेला, घर भाचीला वगैरे. एका साक्षीदाराची सही झाली होती, दुसऱ्याची राहिली होती. बाईंनी पेनाचं टोपण काढून पेन पुढे केलं. म्हणाल्या, मी खूप विचार केला, माझ्या ओळखीत तुमच्याइतका सरळ माणूस दुसरा नाही.

काकांनी पेन हातात घेतलं. एसीतून थंडगार वारा येत होता, तरी काकांच्या मानेवर घाम आला. सही दोन अक्षरांची होती, कुणाचं काही बिघडत नव्हतं. पण समोर शाईने स्वच्छ लिहिलेलं होतं की मी खरं तेच पाहून सही करत आहे.

“बाई, मला ही सही करता येणार नाही.”

“चष्मा विसरलात का?”

“नाही. मी तुम्हाला अकरा वर्षं फसवलं.”

आणि मग काकांनी सगळं सांगितलं. नट, डाग, उस्ताद, गाय, बुडबुडा. सूनबाईंच्या प्रदक्षिणाही सांगितल्या, कारण एकदा गळायला लागलं की माणसाचंही थांबत नाही. सांगून झाल्यावर ते उभेच राहिले. बाईंनी पेन काढून घेतलं, टोपण लावलं. हजार पोरांना उभं करून ठेवलेल्या बाईंना गप्प कसं राहायचं हे चांगलं माहीत होतं.

“हे फक्त माझ्याकडेच, का सगळीकडे?”

“सगळीकडे.”

बाई बोटांवर मोजू लागल्या. दातांचे डॉक्टर. ग्रंथपाल. कोपऱ्यावरचे छापखानावाले. स्वतःची बहीण. एकदा हाताची बोटं संपली, पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली.

“सतरा घरांत मी तुमचं नाव सांगितलंय,” त्या म्हणाल्या. “नाव तुमचं आणि शब्द माझा. उद्या सकाळी नऊला या. ती वाटी घेऊन.”

काकांनी विचारलं, त्या लोकांना तुम्ही काय सांगणार? बाई म्हणाल्या, मी कशाला सांगू, सांगणार तुम्ही. मी फक्त तुम्ही पूर्ण सांगताय ना, ते बघायला येते.

असं ते सुरू झालं. काका पुढे सायकल ढकलत, बाई मागून साबणाच्या पाण्याची बाटली घेऊन. पहिलंच घर दातांच्या डॉक्टरांचं. ते फारसे चिडले नाहीत. ऐकता ऐकता एकदम गंभीर झाले आणि खिडकीबाहेर बघू लागले. त्यांनाही कुणाची तरी दाढ आठवली असावी. मृत्युपत्रावर दुसरी सही त्यांनीच केली, पण करण्याआधी हात दोनदा धुतले. छापखानावाल्यांनी काकांना दारातच लबाड म्हटलं. बाईंनी मान डोलावली आणि म्हणाल्या, बरोबर आहे तुमचं, आता मशीन दाखवा. ग्रंथपालांनी फेस, बुडबुडा, नट सगळं स्वतः पाहिलं आणि हे आपल्याला करता येईल का म्हणून विचारलं. काकांनी पस्तीस वर्षांत पहिल्यांदा अर्धं काम गिऱ्हाइकाला देऊन टाकलं: फेस लावून बघणं कुणालाही येईल, आवळायला मला बोलवा.

चार घरांनी दारं लावून घेतली. बाईंच्या सख्ख्या बहिणीने तर दोघांच्याही तोंडावर दार लावलं. बाकीच्या तेरांपैकी अकरांत गळती निघाली, ती काकांनी बुजवली. बुजवायचे पैसे घेतले नाहीत. धंद्यातले लोक त्यांना 'महाराज' म्हणायला लागले. एकाने तर रस्त्यात सायकल अडवून वाकून नमस्कार केला आणि विचारलं, आम्ही पोराबाळांना काय खायला घालावं म्हणता?

उन्हाळा भर माथ्यावर आला तरी फोन वाजेना. काकू अधूनमधून आपल्या फोनवरून काकांच्या फोनला फोन लावून बघत. वाजायचा. मग त्या स्वयंपाकघरातून 'काही नाही, मीच' म्हणायच्या. सूनबाईंनी एकदा जेवताना अडखळत म्हटलं, बाबा, मी त्या दिवशी जरा जास्तच बोलले. काका म्हणाले, जास्त नाही, पस्तीस वर्षं उशिरा बोललीस. आणि त्यांनी भाजी पुढे सरकवली. ही त्यांच्या घराण्यातली माफी होती. न्हाणीघराबाहेरचं खाकरणं मात्र दोनांवर आलं होतं. तेवढं चालू राहिलं.

सतरावं घर होतं एका शिंप्याचं, तिसऱ्या मजल्यावर. तिथलं काम आटोपून दोघं जिन्यात टेकली होती. बाईंचे गुडघे दुखत होते. काकांना एकच गोष्ट सलत होती आणि विचारायचा धीर होत नव्हता. घरं संपली होती. उद्यापासून बाई येणार नव्हत्या आणि कुणी मेकॅनिक विचारला, तर त्या कुणाचं नाव सांगतील, हे त्यांना कळत नव्हतं. गिऱ्हाइकं गेली तर जाऊ देत, असं ते स्वतःला समजावत होते. पण बाईंच्या तोंडून आपलं नाव जाणं निराळं.

तेवढ्यात बाईंचा फोन वाजला. बाई ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, हो, एसीवाले आहेत माझ्या ओळखीचे. काकांनी पेटीचा पट्टा आवळायला घेतला. तो आवळलेलाच होता.

“माणूस कसा आहे म्हणता?” बाईंनी काकांकडे पाहिलं. “थांबा, इथेच आहेत. तेच सांगतील.”

आणि त्यांनी फोन काकांच्या हातात दिला.

पस्तीस वर्षांत स्वतःबद्दल काय सांगायचं ते काकांना तोंडपाठ झालं होतं: पक्कं काम, स्वस्त काम, एक फोन करा. त्यातलं एकही वाक्य आता जिभेवर येईना. बाई गुडघा चोळत जिन्याच्या कठड्याकडे बघत होत्या. त्या मदत करणार नव्हत्या.

“मी येऊन आधी फेस लावून बघतो,” काका शेवटी म्हणाले. “गळत असेल तर बुजवतो. त्यानंतर गॅससाठी मला परत बोलवायची वेळ यायला नको. आली, तर चूक माझी.”

पलीकडच्या माणसाने विचारलं, उद्या सकाळी जमेल का, आणि आमच्या शेजाऱ्यांचंही बघाल का, ते दर वर्षी भरून घेतात.