कच्ची वही

हाइके यांनी रजिस्टरची शेवटची पानं पुन्हा उलटली आणि विचारलं, "जुलैमध्ये इथे पाऊस पडत नाही का?"

"पडतो. भरपूर पडतो," वेनेसा म्हणाली.

"मग सहा महिन्यांत एकाही पोत्यातला गर ओला निघाला नाही?"

वालावलजवळच्या या काजू कारखान्याची व्यवस्थापक वेनेसा डान्टस रसायनशास्त्र शिकलेली होती. प्रश्नाचा रोख तिच्या लगेच ध्यानात आला. हाइके हॅम्बुर्गच्या एका खरेदीदार कंपनीच्या गुणवत्ता तपासनीस. त्यांचा होकार आला तर कारखाना बारा महिने चालणार होता. नाहीतर गेल्या वर्षीसारखं ऑगस्टपासून कुलूप, आणि साल काढणाऱ्या चौदा बायका घरी.

रजिस्टरमध्ये ओलाव्याचे आकडे एकाच निळ्या शाईत, एकाच वळणदार अक्षरात ओळीनं मांडले होते. ४.६, ४.५, ४.७. सगळे पाच टक्क्यांच्या मर्यादेत, कुठे खाडाखोड नाही.

"हे आकडे खरे आहेत," वेनेसा म्हणाली.

"असतील. पण चूक नसलेलं रजिस्टर मला तपासता येत नाही." हाइके यांनी पेनाला टोपण लावलं.

चार दिवसांपूर्वी वेनेसानंच गराचा ओलावा मोजणाऱ्या यशोदाकाकीला सांगितलं होतं, पाहुणे यायच्या आत भरलेल्या मालाचे आकडे नव्या वहीत नीट उतरून काढ. तिला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. कॉलेजात ती स्वतः प्रयोगाचे आकडे कच्च्या कागदावर घ्यायची आणि रात्री जर्नलमध्ये सुवाच्य उतरवायची. परीक्षकांनी कच्चा कागद कधी मागितलाच नव्हता.

ती उठून बोरम्याकडे, म्हणजे गर सुकवायच्या भट्टीकडे गेली. यशोदाकाकी ट्रे ओढत होती.

"काकी, जुनी वही खंय आसा?"

"कित्याक?"

"बाईंका दाखवूची आसा."

"ती? तिका तेलाचे डाग पडलेहत. पावण्यांका कोण फाटकी चादर घालता काय गो?" पण वेनेसाचा चेहरा बघून तिनं हात पुसले आणि फळीवरची वही काढून दिली.

वहीचं पुठ्ठ्याचं कव्हर निघालं होतं. काजूच्या तेलाचे काळे अंगठे पानोपानी उमटले होते. हाइके यांनी ती जुलैवर उघडली, पेनाचं टोपण काढलं आणि म्हणाल्या, "प्रत्येक ओळ इंग्रजीत वाचून दाखवा."

वेनेसा वाचू लागली. सतरा जुलै, ६.१, परत बोरम्यात. ५.४, परत. ४.८, भरलं. एकोणीस जुलै, लाइट दोन तास नव्हती. बावीस जुलै, ओलाव्याचा मीटर पडला, फिटर निलेशनं दुरुस्त केला, आधी मोजलेल्या गराशी ताडून बघितला.

चोवीस जुलैला ती थांबली.

"पुढे?"

ही ओळ गाळता आली असती. तिथे बसलेल्या दोघींत मराठी फक्त तिलाच वाचता येत होतं. त्या दिवशी टेम्पो दारात उभा होता आणि ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता, हे तिला चांगलं आठवत होतं.

"५.३," ती म्हणाली. "वेनेसाबाय म्हणाली भर. मी भरलं नाही. टेम्पो रिकामा गेला."

हाइके यांनी मान वर केली. "वेनेसाबाय म्हणजे तुम्ही?"

"हो."

"आणि हे कुणी लिहिलंय?"

वेनेसानं यशोदाकाकीला हाक मारली. काकी दारात येऊन उभी राहिली. हाइके यांनी तिचं नाव दोनदा विचारून घेतलं, फॉर्मच्या एका चौकोनात लिहिलं आणि वेनेसाला सांगितलं, "ऑक्टोबरमध्ये पहिला माल पाठवा. तो भरायची परवानगी या देतील. तुम्ही नाही."

"काय म्हणता ती?" काकीनं विचारलं.

"माल भरूचो की नाय ता आता तू ठरवतलंस. माझा काय एक चालूचा नाय."

"आधी तरी खंय चालत होता?" काकी म्हणाली. मग तिची नजर टेबलावरच्या नव्या रजिस्टरवर गेली. "आणि ह्या चार दिस मान मोडून लिवलंय, त्याचा काय?"

वेनेसानं ते रजिस्टर उचलून कपाटात ठेवलं. जुनी वही टेबलावरच राहिली. आजचा आकडा तिच्यात अजून लिहायचा होता.